पिच वाढला म्हणजे नक्की काय झालं?

तिरपागडा

'पिच थोडा वाढव' असं गाणाऱ्याला सांगा, तो वर सरकेल. लेथवर काम करणाऱ्या टर्नरला सांगा, तो आटे विरळ पाडेल. वैमानिकाला सांगा, विमानाचं नाक वर उचललं जाईल. छप्पर बांधणारा उतार तीव्र करेल. आणि टाइपरायटरच्या जमान्यातल्या माणसाला सांगितलंत, तर त्याची अक्षरं आणखी दाटीनं बसतील.

एका शब्दाला दहा अर्थ असण्यात नवल नाही. पण पिचची गंमत अशी, की बहुतेक धंद्यांत तो मोजायचा आकडा आहे, आणि तरी त्याचं एकक ठरलेलं नाही. कुठे हर्ट्झ, कुठे मिलिमीटर, कुठे अंश, तर कुठे नुसती खाचांची संख्या. बरं, आकडा वाढला की वस्तू भरड होते की बारीक, याचाही पत्ता नाही. टाइपरायटरवर १० पिच म्हणजे इंचात १० अक्षरं आणि १२ पिच म्हणजे १२. आकडा मोठा, अक्षर अरुंद. आता एलईडीचे फलक घ्या. तिथे पी१० म्हणजे दोन ठिपक्यांमध्ये १० मिमी, पी३ म्हणजे ३ मिमी. आकडा मोठा तितकं चित्र भरड. प्रश्न दोघांचा एकच, दाटी किती? एकानं दाटी मोजली, दुसऱ्यानं अंतर मोजलं, आणि नाव दोघांनी पिचच ठेवलं.

तर ज्यांच्या रोजच्या कामात हा शब्द येतो त्यांनी लिहा. तुमच्याकडे पिच म्हणजे काय, आणि तो 'वाढला' की काय होतं? शब्दकोशातून उतरवून काढू नका, तो माझ्याकडेही आहे. आणि गुंतवणूकदारांसमोर 'पिच' करणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं, तुमचा नंबर शेवटी.

अर्धा_आटा

माझ्या आवडीचा विषय. लेथवर आयुष्य गेलंय.

आमच्याकडे पिच म्हणजे एका आट्याच्या माथ्यापासून शेजारच्या आट्याच्या माथ्यापर्यंतचं अंतर, बोल्टच्या आसाला समांतर मोजलेलं. एम१० चा, म्हणजे १० मिमी व्यासाचा साधा बोल्ट असेल तर १.५ मिमी, बारीक आट्यांचा असेल तर १.२५. नट एक पूर्ण फेरा फिरवला की तेवढाच पुढे जातो. निदान एका स्टार्टच्या, म्हणजे एकच सलग चर असलेल्या आट्यात तरी. दोन स्टार्टचा आटा असेल तर एका फेऱ्यात दोन पिच पुढे जाईल. त्या अंतराला 'लीड' म्हणायचं, पिच नाही. नवी पोरं नेमकी इथे अडकतात.

मायक्रोमीटर हातात घेतला की पिच दिसतो. त्याच्या स्क्रूचा पिच ०.५ मिमी आणि फिरत्या नळीवर ५० रेघा. म्हणजे एक रेघ फिरली की ०.०१ मिमी. सगळी अचूकता त्या एका आट्यावर उभी आहे.

लेथवर आटे पाडताना आपण खरं तर पिचची नक्कल करतो. समजा लेथच्या लीड स्क्रूचा, म्हणजे टूल सरकवणाऱ्या लांब स्क्रूचा पिच ६ मिमी आहे आणि मला १.५ चा आटा पाडायचाय. मग गिअर असे लावायचे की जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चार फेरे फिरेल तेव्हा लीड स्क्रू एकच फिरेल. टूलला लीड स्क्रूशी जोडणारा हाफ नट लावला की टूल त्या चालीनं सरकतं. पहिला पास नेहमी नुसता ओरखडा काढण्यापुरता घ्यायचा, मशीन थांबवायचं आणि पिच गेजचं, त्या पिचचे दात कापलेलं पान लावून उजेडाकडे धरायचं. दातांतून कुठेही उजेड डोकावला नाही की मग खोली द्यायची. एखाद्या दाताखाली उजेडाची फट दिसली तर गिअर चुकलाय. तिथेच थांबलात तर जॉब वाचतो.

आता तिरपागडा यांच्या प्रश्नावर. मेट्रिकमध्ये पिच वाढला की आटा भरड. पण इंचवाले पिच सांगतच नाहीत, ते इंचाला किती आटे ते सांगतात. तिथे आकडा वाढला की आटा बारीक. एकाच टेबलावर दोन्ही बोल्ट पडलेले असतात आणि दोन माणसं 'जास्तीचा दे' म्हणाली की एकाला भरड हवा असतो, दुसऱ्याला बारीक.

यात सर्वात फसवा माल अर्ध्या इंचाचा. ब्रिटिश व्हिटवर्थ आणि अमेरिकन यूएनसी या आट्यांच्या दोन पद्धती, त्यांचे नेहमीच्या बहुतेक मापांत इंचाला आटे सारखेच आहेत, फक्त आट्याचा कोन वेगळा, ५५ अंश आणि ६० अंश. पण अर्ध्या इंचाला व्हिटवर्थ १२ आणि यूएनसी १३. नट लावायला घ्या, सुरुवातीला अगदी बरोबर बसतोय असं वाटतं, दोनेक फेरे जातो आणि मग आवळतो. तिथे पाना घेऊन जोर लावणारा माणूस बोल्टही घालवतो आणि नटही.

नुसताच_वाचक

आधी एक मूलभूत प्रश्न. तो पिच, ती पिच की ते पिच? धागाकर्त्यानं 'तो' करून टाकलाय.

डीप_फाइन_लेग

क्रिकेटमध्ये ती. 'पिच कोरडी आहे, दुपारनंतर फिरेल.' यावर वाद नको.

अर्धा_आटा

आट्याचा पिच. तो. यावरही वाद नको.

कोमल_धैवत

गाण्यात मी दोन्ही ऐकलंय. 'तुझा पिच घसरतोय' आणि 'तुझी पिच लागत नाहीये.' नपुंसकलिंगाला मात्र अजून कोणी वाली दिसला नाही.

बांधबंदिस्ती

आहे ना. 'ते पिचिंग'. मातीच्या धरणाच्या पाण्याकडच्या उतारावर दगड हातानं लावून बसवतात, त्याला साइटवर सगळे पिचिंगच म्हणतात. लाटांनी माती धुपू नये म्हणून. नुसते दगड ओतून चालत नाही. खाली वाळू-खडीचे गाळणीचे थर, त्यावर एकेक दगड बसवायचा, लांब बाजू उताराला काटकोनात, आणि सापटींत चिपा ठोकून घट्ट करायचं. गाळणीचा थर नसला तर लाट मागे सरताना दगडांच्या फटींतून खालची माती ओढून नेते. दगड जागच्या जागी दिसतात आणि खाली पोकळी झालेली असते.

यात मोजायचा पिच नाही, क्रियापद आहे. रोवून बसवणे. कालव्याच्या बाजूंनाही तेच.

शब्दपिसू

बांधबंदिस्ती यांनी नकळत मुळावरच बोट ठेवलं.

इंग्रजीत हे दोन वेगवेगळे शब्द आहेत, फक्त स्पेलिंग आणि उच्चार सारखा झालाय. एक पिच म्हणजे डांबरासारखा काळा चिकट पदार्थ, तो लॅटिन 'पिक्स'वरून आला. काळ्याकुट्ट अंधाराला इंग्रजीत 'पिच डार्क' म्हणतात तो हा. दुसरा पिच हे जुनं क्रियापद. अर्थ खुपसणे, रोवणे, ठोकून पक्कं करणे. तंबू ठोकतात तो पिच. धरणाचं पिचिंग याच घराण्यातलं.

क्रिकेटवाल्यांसाठी: १७४४ चे जे सर्वात जुने लिखित नियम आहेत, त्यात नाणेफेक कशासाठी, तर पहिली विकेट कुठे 'पिच' करायची ते ठरवण्यासाठी. म्हणजे यष्ट्या कुठे रोवायच्या. आज आपण पिच म्हणतो ती यष्ट्या रोवलेली जागा. नाव रोवण्यावरून आलं आणि चिकटलं मधल्या पट्टीला.

रोवण्यातून फेकणं आलं, कारण भाला फेकला की तो जमिनीत रुततो. रोवलेल्या वस्तूची जागा आली, तिची उंची आली, उतार आला. उंचीवरून स्वराची उंची. ब्रिटनमध्ये रस्त्यावर माल मांडणाऱ्याच्या ठरलेल्या जागेलाही पिच म्हणतात. आट्यांचं अंतर यातून नेमकं कोणत्या वाटेनं निघालं यावर मी पैज लावणार नाही, पण दर अमुक अंतरावर काहीतरी रोवलेलं, ही कल्पना तिथे आहेच.

डीप_फाइन_लेग

मग क्रिकेटमध्ये एकाच षटकात तीन पिच सापडतात. एक, ती जमीन. २२ यार्ड लांब म्हणजे २०.१२ मीटर, आणि १० फूट रुंद म्हणजे ३.०५ मीटर. तेवढीच. बाकी सगळं मैदान. फुटबॉलवाले इंग्रज मात्र अख्ख्या मैदानाला पिच म्हणतात, त्यामुळे 'प्रेक्षक पिचवर आले' या बातमीचा अर्थ खेळ कोणता यावर ठरतो.

दोन, चेंडू टप्पा खातो ते पिच होणं. पायचीतच्या नियमात सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून. चेंडू लेग यष्टीच्या बाहेर पिच झाला असेल तर पुढे तो मधल्या यष्टीवर आदळणार असला तरी फलंदाज पायचीत नाही. फलंदाजानं फटका मारायचा प्रयत्न केला की नाही, याचाही इथे संबंध नाही. टीव्हीवर 'पिचिंग आउटसाइड लेग' अशी पाटी आली की गोलंदाजाचा चेहरा बघावा.

तीन, वर शब्दपिसू यांनी सांगितलेलं यष्टी रोवणं, ते आता फक्त नियमांच्या जुन्या भाषेत उरलंय.

बेसबॉलमध्ये तर टप्प्याचा संबंधच नाही. तिथे हातातून सुटलेला चेंडू म्हणजेच पिच आणि फेकणारा पिचर. तिथे जमिनीवर आपटलेला पिच ही फेकणाऱ्याची नाचक्की, आपल्याकडे टप्पा न पडता कमरेच्या वर आलेला चेंडू नो-बॉल. उगाच नाही दोन्ही खेळांचे लोक एकमेकांचे सामने बघताना वैतागत.

वातकुक्कुट

विमानवाल्यांचा प्रश्न असा की आमच्याकडे पिच दोन आहेत आणि दोन्ही एकाच कॉकपिटमध्ये.

पहिला विमानाचा. नाक वर किंवा खाली होणं म्हणजे पिच, पंख कलणं म्हणजे रोल, नाक डावी-उजवीकडे वळणं म्हणजे यॉ. अंशांत मोजतात. शेपटीकडच्या हलत्या पट्ट्या, म्हणजे एलिव्हेटर, हे करतात. जहाजवाल्यांकडून घेतलेले शब्द आहेत. लाटेवर जहाज पुढे-मागे झुलतं ते पिचिंग.

दुसरा प्रोपेलरच्या पात्यांचा. आणि इथे अर्धा_आटा यांना बरं वाटेल, कारण हा त्यांचाच पिच आहे. छोट्या हौशी विमानांच्या प्रोपेलरवर '१० बाय ६' असं लिहिलेलं असतं. १० इंच व्यास, ६ इंच पिच. म्हणजे हवा घट्ट लाकडासारखी असती तर एका फेऱ्यात प्रोपेलर ६ इंच पुढे घुसला असता. हवा तशी नसते, त्यामुळे प्रत्यक्षात कमी जातो आणि त्या फरकाला स्लिप म्हणतात. जहाजाच्या पंख्याला इंग्रजीत सरळ 'स्क्रू'च म्हणतात, ते याचमुळे.

पाती फिरवून पिच बदलता येणारे प्रोपेलर असतात. उड्डाणाच्या वेळी पिच कमी, इंजिन मोकळं फिरून पूर्ण ताकद देतं. उंचीवर गेल्यावर पिच वाढवायचा, कमी फेऱ्यांत जास्त हवा कापली जाते. एक इंजिन बंद पडलं तर त्याची पाती पूर्ण वळवून धार वाऱ्याकडे करायची, म्हणजे ती हवेला अडवत नाहीत. हे फेदरिंग.

हेलिकॉप्टरचा तर सगळा कारभारच पिचवर चालतो. डाव्या हातातला दांडा सगळ्या पात्यांचा पिच एकदम वाढवतो, हेलिकॉप्टर वर. समोरचा दांडा प्रत्येक पात्याचा पिच ते फेरा मारत असताना कमीजास्त करत राहतो. एका बाजूला आलं की वाढव, समोरच्या बाजूला गेलं की कमी कर. त्यामुळे फिरत्या पात्यांची चकतीच कलते आणि हेलिकॉप्टर त्या दिशेला जातं. रोटरचे फेरे या सगळ्यात जवळपास तेवढेच राहतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की वर जायचं म्हणजे पंखा जोरात फिरवायचा. नाही. पिच वाढवायचा, आणि पात्यांवरचा भार वाढून फेरे पडू नयेत म्हणून इंजिनाची ताकद त्या मानानं वाढवायची.

पवनचक्क्याही हेच करतात, फक्त उलट हेतूनं. वारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की पाती वळवून जादा वारा सोडून द्यायचा.

नुसताच_वाचक

म्हणजे 'पिच वाढव' म्हटल्यावर हेलिकॉप्टरवाला वर जाणार आणि विमानवाला नाक वर करणार. निदान तुम्हा दोघांची दिशा तरी एक आहे.

वातकुक्कुट

नाक वर केलं म्हणजे विमान वर जातंच असं नाही हो. वेग कमी असताना नाक आणखी वर ओढलं तर पंखांवरची हवा सुटते, विमान स्टॉल होतं आणि खाली यायला लागतं. स्टॉलमधून बाहेर पडायचं तर आधी नाक खाली करावं लागतं. शिकाऊ वैमानिकाच्या हातांना हे पटवायला वेळ लागतो.

कोमल_धैवत

आता गाण्याचं. इथे बऱ्याच जणांच्या डोक्यात पिच म्हणजे कंपनसंख्या असं घट्ट बसलंय. शाळेतही तसंच शिकवतात. जवळपास बरोबर आहे, पण पूर्ण नाही. कंपनसंख्या यंत्र मोजतं. पिच कान ठरवतो.

टेलिफोनचं उदाहरण घ्या. जुन्या लाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर त्याच्या बराच खाली, शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास. म्हणजे तो सूर तारेतून आलेलाच नाही. तरी पलीकडचा आवाज पुरुषाचा आणि त्याच उंचीचा ऐकू येतो. कारण त्या सुराचे वरचे गुणित सूर आलेले असतात, आणि त्यांच्यातल्या अंतरावरून मेंदू मूळ सूर भरून काढतो. नसलेल्या कंपनसंख्येचा पिच तुम्ही रोज ऐकत होतात.

म्हणजे बघा, कानसुद्धा इथे अंतरच मोजतोय. ३६०, ४८०, ६०० असे सूर आले की कान म्हणतो १२०. अर्धा_आटा, हा तुमचा पिच गेजच झाला.

दुसरी गोष्ट प्रमाण पिचची. मधल्या सप्तकातला 'ए' ४४० हर्ट्झ, हे १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ठरलं आणि पुढे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनंही घेतलं. त्याआधी फ्रान्सनं १८५९ मध्ये कायदा करून ४३५ ठरवला होता. कायदा करायची वेळ का आली? वाद्यवृंद उजळ वाजावा म्हणून जो तो सूर थोडा थोडा चढवत होता. वाद्याच्या तारेला काय, ताण वाढवला की झालं. गायकांच्या गळ्याला ताण वाढवायची खुंटी नसते. सर्वात जास्त तक्रारी त्यांच्याच होत्या. आज जुनं युरोपीय बरोक संगीत वाजवणारे बरेच वाद्यवृंद ४१५ वर लावतात, म्हणजे जवळपास अर्धा स्वर खाली.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळाच सुटला. सा कुठेही धरा. 'काळी चार' म्हटलं की पेटीवरची जागा कळते, बाकी सगळे स्वर त्या 'सा'पासून. पिच हा आकडा नाही, ठरवून घेतलेली बैठक आहे.

तिसरा_नेत्र

४४० हा कृत्रिम आहे, ४३२ हा निसर्गाचा सूर आहे असं वाचलंय. ४३२ वर संगीत ऐकलं की मन शांत होतं म्हणे.

कोमल_धैवत

हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. सेकंद माणसानं ठरवला. १९६७ पासून तो सिझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवर बांधलाय, मुळात दिवसाच्या भागाकारावर होता. माणसानं दिवसाचे वेगळे भाग पाडले असते तर हाच सूर ४३२ राहिला नसता. निसर्गाला आपल्या घड्याळाची कल्पना नाही. ऐकायला आवडत असेल तर जरूर ऐका, ४४० पेक्षा तो अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या भागाहूनही कमी खाली आहे. एवढ्यानं बरं वाटत असेल तर चांगलंच.

स्थितिज

पिच वाढतच राहतो आणि तरी कुठेच पोचत नाही, असंही करता येतं. रॉजर शेपर्ड यांनी १९६४ मध्ये दाखवलं. एकमेकांपासून सप्तकाच्या अंतरावरचे बरेच सूर एकदम वाजवायचे, सगळे हळूहळू चढवायचे, वरचे विरत न्यायचे आणि खालून नवे आणायचे. कानाला सतत चढता सूर ऐकू येतो, तासभर ऐकलात तरी. कोमल_धैवत म्हणतात तेच, कंपनसंख्या आणि पिच या एक गोष्टी नाहीत.

आणि त्या दुसऱ्या, डांबरवाल्या पिचला सगळे विसरले. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ मध्ये थॉमस पार्नेल यांनी गरम पिच एका बंद नाळीच्या नरसाळ्यात ओतला, तीन वर्षं निवळू दिला आणि १९३० मध्ये नाळ कापली. हातोडा मारला तर हा पदार्थ काचेसारखा फुटतो. पण नरसाळ्यातून तो वाहतो. पहिला थेंब पडला १९३८ मध्ये. नववा २०१४ च्या एप्रिलमध्ये. त्यावरून काढलेली चिकटपणाची किंमत पाण्याच्या साधारण २३० अब्ज पट येते.

पार्नेल यांच्यानंतर प्रयोग सांभाळला जॉन मेनस्टोन यांनी. ५० हून जास्त वर्षं. एकदाही थेंब पडताना बघायला मिळाला नाही. १९८८ मध्ये ते काहीतरी प्यायला म्हणून बाहेर गेले आणि तेवढ्यात थेंब पडला. २००० मध्ये कॅमेरा लावला होता, तो नेमका बंद पडला. २०१३ मध्ये मेनस्टोन गेले, नववा थेंब त्यानंतर आठेक महिन्यांनी पडला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात १९४४ पासून असाच प्रयोग ठेवलेला आहे, तिथला थेंब मात्र २०१३ च्या जुलैमध्ये कॅमेऱ्यात सापडला.

'पिच वाढला' म्हणायचं तर इथे तो दहाएक वर्षांत एक थेंब वाढतो.

वातकुक्कुट

यावरून आठवलं. जुन्या लाकडी जहाजाच्या फळ्यांच्या फटींत दोऱ्याचा काथ्या ठोकून वरून गरम पिच ओतत, पाणी आत येऊ नये म्हणून. जहाज लाटेवर पिच करायचं. आणि लाकडी जहाजांना वाफेची इंजिनं बसल्यावर खालच्या पंख्यालाही पिच आला. एकाच जहाजावर तीन.

तांब्याची_तार

मोटर वाइंडिंगचा पिच राहिला. आमच्याकडे मिमी नाही, हर्ट्झ नाही. खाचा मोजायच्या. २४ खाचांची, ४ पोलची (चुंबकीय ध्रुवांची) मोटर असेल तर एका पोलच्या वाट्याला ६ खाचा. कॉइलची एक बाजू पहिल्या खाचेत आणि दुसरी सातव्या खाचेत टाकली तर पूर्ण पिच. पण बऱ्याचदा मुद्दाम १ ते ६ टाकतात, म्हणजे पाचच खाचांचा. त्याला शॉर्ट पिच म्हणतात.

मुद्दाम कमी का? व्होल्टेज थोडं घटतं, मूळच्या ०.९६६ पट उरतं. पण पाचवी आणि सातवी हार्मोनिक, म्हणजे मूळ लाटेच्या पाचपट-सातपट वेगाच्या नकोशा लाटा, ज्यांच्यामुळे मोटर घरघरते आणि तापते, ती पावपटीवर येतात. शिवाय खाचेबाहेर लोंबणारं तांबं कमी लागतं. साडेतीन टक्के देऊन एवढं मिळत असेल तर कोण नाही म्हणेल?

जळालेली मोटर उघडली की जुनी कॉइल कापायच्या आधी पिच लिहून ठेवायचा. आधी कापून मग आठवत बसणारे पुष्कळ पाहिलेत.

सुटलेली_चेन

सायकलच्या चेनचा पिच अर्धा इंच, १२.७ मिमी. पिनेपासून पिनेपर्यंत. लोक म्हणतात चेन 'ताणली'. पट्ट्या ताणत नाहीत, पिना आणि त्यांच्या भोवतालच्या जागा झिजतात आणि प्रत्येक कडीचा पिच कणभर वाढतो. पट्टी लावून बघा, २४ पिच म्हणजे बरोबर १२ इंच भरायला हवेत. एक सोळांश इंच जास्त भरले की चेन बदला. आळस केलात तर वाढलेल्या पिचची चेन दातेरी चक्रांचे दात खाते आणि मग नवी चेनसुद्धा त्यांच्यावर घसरते.

दोरखंड

कडा चढणाऱ्यांचं एका ओळीत: एका थांब्यापासून पुढच्या थांब्यापर्यंतचं, दोराच्या लांबीत बसणारं अंतर म्हणजे एक पिच. दोर ६० मीटरचा असला तरी पिच त्याहून आखूडच ठेवतात, कारण दोर कड्याला घासत गेला की ओढणं जड होतं आणि वरच्याचा आवाज खाली पोचत नाही. 'पिच वाढला' म्हणजे आमच्याकडे बहुतेक वेळा कुणीतरी थांबायची जागा हुकवलीय.

कोमल_धैवत

ऑटो-ट्यून या सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल लिहायचं राहिलं होतं. १९९७ मध्ये ते आलं आणि बेसूर गळे सुरात आले. बनवणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेल शोधणाऱ्यांसाठी काम करत. जमिनीत स्फोट करून खालून परत आलेल्या लाटांचा अर्थ लावायचा, असं ते काम. लाट स्वतःशीच किती अंतरावर जुळते ते बघायचं गणित तिथे वापरात होतं. गळ्यातून आलेली लाटही तेवढीच, स्वतःशी कुठे जुळते ते शोधा, ते अंतर म्हणजे आवर्तन, त्यावरून पिच. मग तो जवळच्या स्वरावर सरकवायचा.

तिरपागडा

वा, धागा भरला. आता गुंतवणूकदारांपुढे पिच करणाऱ्यांना परवानगी.

नुसताच_वाचक

ते त्यांचा पिच वाढवतात तेव्हा ऐकणारे घड्याळाकडे बघतात. झालं त्यांचं.

सोल्डर_धूर

उशिरा आलो. इलेक्ट्रॉनिक्सचा पिच म्हणजे दोन पिनांमधलं, मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. ब्रेडबोर्डचा, म्हणजे भाग खोचून सर्किट जुळवायच्या भोकांच्या पाटीचा २.५४ मिमी, म्हणजे इंचाचा दहावा भाग. सगळा घोटाळा असा की बाजारात २.५ मिमीचे कनेक्टरही असतात, दिसायला तसेच. दोन-तीन पिनांचा असला तर फरक कळतही नाही, बसून जातो. लांब पट्टीला प्रत्येक पिनेमागे ०.०४ मिमी साठत जातं आणि शेवटची पिन भोकावर येतच नाही. अर्धा_आटा यांच्या अर्ध्या इंची नटासारखंच, सुरुवातीला गोड आणि पुढे अडकलं.

सुटलेली_चेन

अरे, माझ्याकडे एक २० पिनांचा पडलाय, कुठला ते कळत नाही. दोन पिनांमधलं कॅलिपरनं मोजलं तर कधी २.४९ येतं, कधी २.५५.

सोल्डर_धूर

दोन पिनांमध्ये मोजू नका, ०.०४ चा फरक तिथे हाताच्या हलण्यात जातो. पहिल्या पिनेच्या डाव्या कडेपासून शेवटच्या पिनेच्या डाव्या कडेपर्यंत मोजा आणि १९ नं भागा. २० नं नाही. पिना वीस असल्या तरी मधली अंतरं एकोणीसच.

अर्धा_आटा

आटेही असेच मोजतात. दहा अंतरांवर पट्टी लावायची आणि दहानं भागायचं.

सुटलेली_चेन

४७.५ आलं.

सोल्डर_धूर

मग २.५ चा. २.५४ चा असता तर ४८.२६ भरला असता. ब्रेडबोर्डवर दाबून बसवायला जाऊ नका, पिना वाकतील.